नवव्या रकान्यात काय लिहू

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. ओळखूनही फोडलंस, म्हणजे निदान चार ओळी तरी वाचशील. फोनवर माझा आवाज आला की तू लगेच ठेवतेस. पत्र फाडेपर्यंत तरी हातात राहतं.

भांडायला लिहीत नाही. एक सल्ला हवाय. आपल्या घरात दहावीच्या पुढे गेलेली तू एकटी. माझे शाळेतले सगळे अर्ज तूच लिहायचीस, रजेचे कमी आणि माफीचे जास्त.

मी धंदा काढायचा म्हणतोय. हसू नकोस. चार वर्षांत सहा नोकऱ्या सोडल्या, हे आईने तुला सांगितलं असेलच. सातवीत आठ महिने टिकलोय. कारखान्याच्या खाणावळीत आहे, भांडी, लाद्या आणि बारा बर्नर साफ करतो. पेटवायची वेळ आली की लांब दांडीचा लायटर घेतो आणि तोंड फिरवून पेटवतो. आचारी म्हणतो, "लाजतोस काय रे शेगडीला? सून आहेस का तिची?" सगळे हसतात. मी पण हसतो. काडीपेटीला मी चार वर्षांत हात लावलेला नाही.

इथे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. दारावर पाटी आहे, 'लहान धंदा सुरू करणाऱ्यांना मोफत सल्ला'. माझ्याबरोबर खोलीत एक रंगारी राहतो, ती पाटी त्यानेच रंगवली, म्हणून मला कळलं. तीन वेळा मी जिन्यापर्यंत जाऊन मागे फिरलो. चौथ्या वेळी मागून एक चष्मेवाल्या बाई चढत होत्या, जिना अरुंद, मला फिरताच येईना. वर जाऊन बघतो तर सल्ला देणाऱ्या त्याच.

"कसला धंदा?"

"शेगड्यांचा."

"विकणार?"

"नाही. बिघडलेल्या दुरुस्त करणार. घरोघरी जाऊन."

"येतं?"

"येत होतं."

त्यांनी चष्मा खाली घेऊन बघितलं. "होतं म्हणजे? सायकल विसरत नाही माणूस, तू शेगडी कशी विसरलास?"

उठून पळावं असं वाटलं, पण दाराशी दुसरे लोक बसले होते. बाईंनी एक कोरी वही दिली. म्हणाल्या, "धंद्याचं नंतर बघू. आधी वीस घरं फिरायची, ओळखीचं एकही नको. शेगडी बिघडली की कोणाला बोलावता, तो यायला किती दिवस लावतो, आणि दुरुस्ती झाल्यावर भीती कशाची वाटते, हे विचारायचं आणि लिहून आणायचं."

"भीतीचं कशाला?"

"बिघाड तुला बघून कळेल. भीती विचारल्याशिवाय कळायची नाही."

तर ताई, अनोळखी घरात जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं? तू शाळेत पालकांशी बोलतेस, तुला माहीत. दोन ओळी लिहून पाठव.

तुझ्या सासूबाई कशा आहेत, हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो. विचारलं गेलं. आता खोडत नाही.

तुझा,
भिंगरी
(नाव तूच ठेवलंयस, म्हणून तेच लिहिलं.)


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पहिलं वाक्य मीच ठरवलं, "मी काही विकायला आलेलो नाही." ते ऐकून सहा घरांनी दार लावलं. रंगारी म्हणाला, "असं म्हणणारेच जास्त विकतात. तू शेगडीचं नाव आधी घे." मग जमायला लागलं.

तेरा घरं झाली. एका म्हाताऱ्या काकांनी सांगितलं, "आमची शेगडी माझ्या लग्नाआधीची आहे. ती आणि ही, दोघी माझं ऐकत नाहीत." आतून काकू म्हणाल्या, "शेगडी निदान एका हाकेत पेटते. तुम्हाला तीन हाका माराव्या लागतात!" ते मी वहीत लिहून घेतलं. खोडायला हवं.

भीतीचा प्रश्न विचारला की मात्र लोक हसायचं थांबवतात. एक बाई म्हणाली, दुरुस्तीवाला गेला की ती दोन दिवस खिडकी उघडी ठेवून झोपते. दुसरी म्हणाली, तो जोडाभोवती पेटती काडी फिरवतो तेव्हा मी पोरांना घेऊन जिन्यात उभी राहते. मी लिहीत होतो आणि माझं अक्षर वाकडं होत होतं.

नवव्या घरी घोटाळा झाला. चांगली हसतमुख बाई होती. "थांब, मागे किती गंज चढलाय ते दाखवते," म्हणत तिने शेगडी धरली आणि पुढे ओढायला लागली. मी ओरडलो, "ओढू नका!" इतक्या जोरात की तिच्या हातातलं फडकं पडलं. "अगं आई गं! केवढ्यानं ओरडतोस मेल्या!" म्हणाली. वही तिथेच टाकून मी जिना उतरलो, तो थेट कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबलो. संध्याकाळी रंगारी जाऊन वही घेऊन आला. तिने त्याला विचारलं म्हणे, "त्या मुलाला काही होतं का?" हा म्हणाला, "नाही, धंदा काढतोय."

तुला वाटेल, शेगडी ओढण्याची याला एवढी भीती कशाला. म्हणून सांगतो. त्या दिवशी तुझ्याकडे नवी नळी बसवली तेव्हा मी जोडाभोवती काडी फिरवली होती. तुझ्यासमोरच. तू म्हणालीस साबणाचं पाणी लाव, आणि मी म्हणालो साबण शिकाऊ पोरं लावतात. ज्योत कुठेही लांबली नाही. जोड पक्का होता. दोन दिवसांनी काय झालं ते मी बघितलेलं नाही. तुमच्या शेजाऱ्यांचा फोन आला की सासूबाईंना भाजलं, हात कामातून गेला, आणि मी मिळेल ती बस धरली.

जोड पक्का होता. एवढं तुला माहीत असावं.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र जपून ठेवलं असशील तर फाड. त्यात एक गोष्ट खोटी आहे. ती आज लिहितो, आधी सगळं सांगून घेतो, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

वही बघून बाईंनी मला शिकायला पाठवलं. गॅसच्या कामाचं चार रविवारचं मोफत शिक्षण असतं. त्यात पास झालं की सल्लाकेंद्रातून सहा महिने अवजारं वापरायला मिळतात, आणि परवान्याचा अर्ज करता येतो. शिकवणारे मास्तर पन्नाशी उलटलेले, अंगठ्याला नख नाही. पहिल्याच तासाला म्हणाले, "काडीपेट्या टेबलावर." आम्ही अकरा जण, सात पेट्या निघाल्या. मास्तर म्हणाले, "काडीने गळती सापडते, मी नाही म्हणत नाही. नंतर तुम्ही सापडत नाही."

दुसऱ्या रविवारी त्यांनी एक शेगडी भिंतीला लावून जोडून ठेवली होती. "तपासा." आम्ही साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. "पास?" सगळे म्हणाले पास. माझा आवाज सगळ्यांत मोठा. मग त्यांनी आमच्यातल्या एका मिशाळ गड्याला उठवलं. "तू आता या घरची बाई. मागे दूध सांडलंय. पूस." त्याने लाजत लाजत शेगडी वीतभर पुढे ओढली. नळी फट्‌दिशी टोकावरून सुटली आणि भिंतीवर आपटली.

सगळे हसले, त्या मिशीवाल्याला 'वहिनी' म्हणायला लागले. मी पण हसलो. मग बाहेर जाऊन कठड्याला धरून ओकलो.

मास्तर मागून आले. "सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही."

"मग हे काय बाहेर पडलं?"

त्यांना नाही सांगितलं. तुला सांगतो. ताई, नळी नवी नव्हती. आदल्या दिवशी दुसरीकडे काम केलं होतं, तिथला उरलेला तुकडा माझ्या पिशवीत होता. तो लावून तुला नवी म्हणून सांगितली. चार बोटं कमी पडत होती. शेगडी भिंतीला चिकटवली की पुरायची, म्हणून मी ती भिंतीला चिकटवली, आणि वर तुला म्हणालो, बघ कसं आटोपशीर दिसतं, कुठे लोंबत नाही काही. तू म्हणालीस, "शहाणा आहेस." टोकावर आवळायची पट्टी त्या मापाची नव्हती माझ्याकडे. ती लावलीच नाही. काडी फिरवली तेव्हा शेगडी भिंतीला होती. मग ज्योत लांबणार कशी?

मला वाटलं होतं तू शेगडी ओढणार नाहीस. खरं तर वाटलं वगैरे काही नव्हतं. मला दुसरीकडे जायची घाई होती. मला कायम दुसरीकडे जायची घाई असते.

आणि आणखी एक. आईने मला वर्षभराने सांगितलं, की तू घरात सगळ्यांना म्हणालीस, भावाचं काम चोख होतं, मीच शेगडी दाणकन ओढली. सासूबाई तिथे उभ्या होत्या, दुसरा बर्नर पेटता होता. तेव्हापासून तुझं नाव त्या घरात 'धसमुसळी' पडलंय, आणि घरात कोणी आलं की आधी ती गोष्ट सांगतात, मग पाणी देतात. शेगडीपाशी तुला उभं राहू देत नाहीत, जाऊबाई रांधतात, तू भाज्या चिरून बाजूला होतेस. आई म्हणाली, "आता मिटलंय, उकरू नकोस." मी लगेच हो म्हणालो. मला तेच ऐकायचं होतं.

तू किती जोरात ओढली असशील ते मला माहीत आहे. ओटा पुसायला ओढतात तेवढीच.

भिंगरी


९ मार्च

ताई,

पास झालो. अकरा जणांत तिसरा. रंगाऱ्याने परवान्याची वाट न बघता पाटी करून टाकली, 'शेगडी दुरुस्ती, घरपोच'. बाजूला ज्योत काढलीय, ती भोपळ्यासारखी दिसते. मी म्हटलं तर म्हणाला, "लोक भोपळा बघायला थांबतील, मग पाटी वाचतील."

अर्ज चौदा रकान्यांचा आहे. आठ रकाने मी एका दमात भरले. तू असतीस तर शाबासकी दिली असतीस, सगळ्या वेलांट्या बरोबर आहेत, बाईंनी तपासल्या. नववा असा आहे: 'आपण केलेल्या कामामुळे पूर्वी कोणास इजा झाली आहे काय? असल्यास तपशील द्यावा, आणि इजा झालेल्या व्यक्तीच्या घरातील प्रमुखाची सही जोडावी.'

छापील अक्षरं ती. माझ्या कानात मात्र कोणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखं झालं.

बाईंना विचारलं, "इथे काय लिहू?"

"ते मी सांगत नसते. रिकामा ठेवलास तर अर्ज परत येतो, एवढं सांगते."

"हो लिहिलं तर?"

"चौकशी होते. कोणाला परवाना मिळतो. कोणाला वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली काम करायला लावतात. कोणाला मिळतच नाही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"नसेल झालं काही, तर काहीच नाही."

त्या खाली बघून दुसऱ्याचा कागद वाचायला लागल्या. रंगारी बाकावर बसला होता, त्याने कानात सांगितलं, "लिही ना 'नाही'. चार वर्षं झाली. इतक्या लांबून कोण बघायला येतंय? तू काय रोज जाळतोस का माणसं?" तो माझ्या भल्यासाठीच बोलत होता. त्याला मी अर्धीच गोष्ट सांगितलीय, दुसऱ्या पत्रातली.

मी 'नाही' लिहिलं. चांगल्या अक्षरात. अर्ज दिला आणि पावती घेतली.

जिना उतरताना वाटलं आता हलकं वाटेल. रस्त्यात कोणीही माझ्याकडे बघितलं की वाटत होतं याने वाचलाय अर्ज. खोलीवर येऊन दाराला आतून कडी घातली. भर दुपारी. रंगारी बाहेरून दार वाजवतोय आणि मी आत बसून ऐकतोय.

भिंगरी


२१ मार्च

ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. बाकीची नाही वाचलीस तरी चालेल.

परवाना आला होता. अवजारांची पिशवी मिळाली, तीन पाने, दाब मोजायचं घड्याळ, पट्ट्या सगळ्या मापांच्या. परवा पहिलं काम आलं. तेरा घरांतलंच एक, ती खिडकी उघडी ठेवून झोपणारी बाई. तिच्या सासूबाई ओट्याजवळ स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. मी नवी नळी लावली, गुंडाळीतून कापलेली, वीतभर जास्तच. पट्ट्या आवळल्या. फेस लावला. मग शेगडी पुढे ओढली आणि मागे सरकवली, सात वेळा. सातव्या वेळी स्टुलावरच्या आजी म्हणाल्या, "अरे, तिला फिरायला नेतोस का?"

सून हसली. मग मला म्हणाली, "भाऊ, म्हणजे आता मी रोज ओढून पुसलं तर चालेल ना? मला फार भीती वाटते. काही झालं तर माझंच नाव व्हायचं."

तिने सहज म्हटलं. आजी पण सहज म्हणाल्या, "तुझं नाही तर कोणाचं व्हायचं? ओढणार तूच."

मास्तरांचा नियम आहे, काम झालं की नळीला एक पत्र्याचा बिल्ला बांधायचा, त्यावर काम करणाऱ्याने आपलं नाव आणि तारीख लिहायची. म्हणजे काही झालं तर कोणाचं काम ते त्या घरात कायम दिसतं. मी बिल्ला हातात घेतला आणि हात पुढे जाईना. तुझ्या नळीला असा बिल्ला असता तर, एवढंच डोक्यात. मी खाली लादीवर बसलो. आजी वाकून म्हणाल्या, "काय रे, नाव विसरलास?"

नाव लिहिलं. बांधलं. तिथून थेट वाचनालयाच्या वर गेलो.

"माझा अर्ज परत द्या."

"का?" बाई म्हणाल्या.

"नववा चुकलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं पोलिसांना बोलावतात. "परवाना परत घ्यावा लागेल," म्हणाल्या. मी परवाना टेबलावर ठेवला. मग पिशवीतून एकेक अवजार काढून ठेवलं.

"आणि आजचं काम?"

"चोख केलंय. मास्तरांना बघायला पाठवा."

"पाठवतेच," त्या म्हणाल्या, आणि खणातून नवा अर्ज काढून दिला. "परवाना मिळेल की नाही ते मी सांगू शकत नाही."

"माहीत आहे."

"बस इथेच. लिही."

नवव्यात मी हे लिहिलंय, शब्दाला शब्द: 'होय. चार वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या घरी मी शेगडीला चार बोटं कमी असलेली जुनी नळी लावली, पट्टी लावली नाही, आणि ती नवी आहे असं सांगितलं. बहिणीने पुसण्यासाठी शेगडी पुढे ओढली. शेगडी पुढे ओढता आली पाहिजे. नळी सुटली आणि तिच्या सासूबाईंना भाजलं. बहिणीने माझ्यासाठी दोष स्वतःवर घेतला. तिचा काही दोष नाही. मी पळून गेलो.'

त्याखाली घरातल्या प्रमुखाची सही लागते. म्हणून तो अर्ज मी भाऊजींच्या नावाने, नोंदणी करून, तुमच्या पत्त्यावर पाठवलाय. नोंदणीचं टपाल सावकाश जातं, तो या पत्रानंतर दोन दिवसांनी पोचेल. भाऊजी तो मोठ्याने वाचतील. वाचू देत, सासूबाईंसमोर, जाऊबाईंसमोर.

टपालाची पावती घेऊन पायऱ्या उतरत होतो तेव्हा लक्षात आलं, की यात तूही उघडी पडतेस. चार वर्षं तू त्यांच्याशी खोटं बोललीस हेही त्यात आलं. ते म्हणतील भावाला पाठीशी घातलं. मी धावत वर गेलो आणि खिडकीवरच्या माणसाकडे पाकीट परत मागितलं. तो म्हणाला, "शिक्का पडला, आता नाही." मी हात जोडले. त्याने पुढच्याला बोलावलं. ताई, मी पुन्हा घाई केली का? तुला आधी विचारायला हवं होतं. सल्ला हवाय म्हणून पहिलं पत्र लिहिलं आणि खरं विचारायचं ते विचारलंच नाही. तुला त्या घरात राहायचंय. मला भीती वाटते. परवान्याची नाही. तुला आता काय म्हणतील त्याची. पण ती शेगडी ओढल्याबद्दल निदान कोणी काही म्हणणार नाही.

अर्जात एकच जागा मोकळी राहिलीय. नवव्याच्या खाली बारीक अक्षरात छापलंय, 'इजा झालेला अवयव', आणि पुढे 'उजवा / डावा, लागू नसेल त्यावर काट मारावी'. बाईंनी विचारलं, मी पेन उचललं, आणि तसाच बसलो. चार वर्षं डोळे मिटले की मला तो हात दिसतो. पण तो कोणता, ते मला माहीत नाही. आईला नाही विचारलं, शेजाऱ्यांना नाही, कोणालाच नाही. त्या जेवतात कशाने, वेणी कशी घालतात, मी एकदाही विचारलं नाही.

ती काट तू मार. किंवा त्यांच्यासमोर अर्ज ठेव आणि त्यांनाच विचारून मार.

आणि मलाही कळव. कोणता हात, ताई?